कपाशीतली तूर

कपाशीच्या वावरात तुरीची ओळ कशाला टाकावयाची, असे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहा. तो आधी हसेल, आणि मग सांगेल, की बाबा, कपाशीवर अळी आली, भाव पडला, नाहीतर ऐन वेळी पावसाने दगा दिला, तर घरात निदान डाळ तरी यावी. थोडा जाणता असला तर तो याहून पुढची गोष्ट सांगेल. तुरीचे मूळ खोल जाते. वरचा ओलावा कपाशीने घेतला तरी तूर खालचा शोधून काढते. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्या हवेतले नत्र धरून ठेवतात व ते जमिनीच्या कामी येते. म्हणजे तूर नुसतीच संकटातली सोबतीण नाही. ज्या मातीत कपाशी उभी आहे, त्या मातीचीही ती काळजी घेते.

शेतातली ही रीत आपणांस इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. परंतु हीच रीत एखाद्या कलावंताने धरली, की आपल्या भुवया वर जातात. गवयाने गाणे सोडून दुसरे काही केले, तर "याचे मन गाण्यात नाही" असे आपण झटकन बोलून जातो. चित्रकाराने कविता लिहिली तर "एक ना धड" म्हणतो. कलावंताच्या अशा बाजूच्या उद्योगाला इंग्रजीत साइड प्रोजेक्ट म्हणतात. आपण त्याला साधे जोडकाम म्हणू या. हे जोडकाम कशासाठी असते, त्याने मूळ कामाचे भले होते की बुरे, हे आज एका गवयाच्या उदाहरणाने पाहावयाचे आहे. मात्र गवई म्हटल्याबरोबर तंबोरा आणि शालजोडी डोळ्यांपुढे आणू नका. हा गवई आहे मुंबईचा, आणि तो गातो ते हेवी मेटल.

हेवी मेटल म्हणजे शब्दशः जड धातू. खामगावच्या चांदीच्या पेढीशी याचा काही संबंध नाही, हे सांगावयास नकोच! परंतु लोखंडाशी मात्र थोडा आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तेथे टोनी आयोमी नावाचा एक पोरगा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे आणि फावल्या वेळात गिटार वाजवीत असे. सतरा वर्षांचा असताना यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबावयाचा हात नेमका तोच. दुसरा कोणी असता तर त्याने वाद्य खुंटीला टांगले असते. याने प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर कातडे चिकटवले, आणि हलक्या तारा लावून वाजवणे चालू ठेवले. पुढे त्याने त्या तारा ढिल्याही केल्या. ढिली तार दाबावयास सोपी, आणि तिचा आवाज खाली उतरतो, जड होतो. आपल्याकडचा हलगीवाला हलगी शेकून घेतो, कारण कातडे ताणले की आवाज चढतो. आयोमीने नेमके याच्या उलट केले. त्याच्या ब्लॅक सबाथ या मंडळीची पहिली तबकडी १९७० साली निघाली, आणि हेवी मेटलचा आरंभ बहुतेक जाणकार तेथूनच धरतात.

आता हा आवाज असा अंगावर येणारा का असतो, ते थोडे समजून घेऊ. जत्रेतल्या कर्ण्याचा आवाज फार वाढवला की तो "फाटतो", हा अनुभव सर्वांचा आहे. आवाजाची लाट वर उचलावयाची यंत्राची एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे नेऊ गेले, की लाटेचे शेंडे छाटल्यासारखे सपाट होतात, आणि त्या छाटणीतून मूळ स्वराच्या वरचे कितीतरी उपस्वर नव्याने निघतात. जत्रेत तो बिघाड असतो. हेवी मेटलचा गिटारवाला तोच बिघाड मुद्दाम, मोजून मापून करतो. यात नवल वाटावयास नको. आपला तंबोरा घ्या. तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण तिची जवारी लावतो, ती कशासाठी? स्वच्छ तारेत थोडी खरखर आणून तिच्यातले उपस्वर जागे करण्यासाठीच ना? उद्देश एकच, फक्त एकीकडे शांतवन आहे व दुसरीकडे गडगडाट.

दुसरी गोष्ट स्वरांची. या संगीतात गिटारीवर पुष्कळदा दोनच स्वर एकदम छेडतात, षड्ज आणि पंचम. तंबोऱ्यातलीच ही जोडी. या दोहोंच्या कंपनांचे प्रमाण दोनास तीन असे असते. फाटक्या आवाजात हे दोन स्वर मिसळले, की त्यांच्या फरकाचा, म्हणजे एकाच्या हिशेबाचा, तिसराच एक स्वर ऐकू येऊ लागतो. आणि तो असतो खालच्या सप्तकातला षड्ज. वाजवले दोन आणि पायाखालून उमटला तिसरा! तो जडपणा येतो तो येथून. गांधार मिसळला तर मात्र याच फाटक्या आवाजात चिखल होतो, म्हणून तो बहुधा वगळतात.

ढोल म्हणाल तर गोंधळ्याचे संबळ डोळ्यांपुढे आणा. एक नर, एक मादी, आणि दोन्ही हातांच्या काठ्यांचा कडकडाट. हेवी मेटलचा ढोलवाला हातांनी हे करीत असतानाच खाली दोन्ही पायांनी मोठ्या ढोलावर पायटे आपटीत असतो. चारी हातपाय चार कामांत गुंतलेले, आणि ठोका मात्र केसभरही चुकावयाचा नाही. राहता राहिला गळा. या प्रकारच्या पुष्कळ गाण्यांत गायक गुरगुरल्यासारखा गातो. ऐकणाऱ्यास वाटते की याचा घसा उद्या बसणार. तसे नाही. आपल्या मूळ स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात. जाणता गायक दमसास सांभाळून त्या घड्यांना कंप देतो. तिबेटातले लामा जो खोल घोष करतात, त्यातही त्या घड्यांचा उपयोग होतो. तेव्हा हा आरडाओरडा दिसतो तितका सोपा नाही, बरं का. रियाजावाचून तो करू जाल तर घसा खरेच बसेल.

इतके समजल्यावर आता आपल्या मुंबईच्या गवयाकडे वळू. त्याचे नाव साहिल मखिजा. २००० साली त्याने डीमॉनिक रेझरेक्शन या नावाची मंडळी उभी केली. तिच्यात तो गातो आणि गिटार वाजवतो. नावाचा अर्थ राक्षसी पुनरुत्थान असा काहीसा होईल. आणि स्वतःसाठी त्याने घेतलेले नाव आहे डीमनस्टीलर, म्हणजे राक्षस पळवणारा. ही नावे ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे, त्या जिल्ह्याने तरी राक्षसाच्या नावाला दचकू नये. लवणासुराची कथा तेथे पोराटोरांना ठाऊक असते, आणि त्याला मारणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात उभे आहे. देव मोठा दिसावा म्हणून कथेत दैत्यही मोठा लागतो. या मंडळीने २०१७ साली काढलेल्या संग्रहाचे नावच मुळी दशावतार आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार त्यात या गडगडाटी संगीतातून मांडले आहेत. मेहकरच्या बालाजीला हात जोडणाऱ्या माणसास तो आवाज मानवेल की नाही कोण जाणे, पण विषय मात्र ओळखीचा वाटेल.

ही मंडळी काही कच्ची नव्हे. इंग्लंडच्या मेटल हॅमर या मासिकाने २०१० साली आपल्या वार्षिक पारितोषिकांत जगभरच्या मेटल संगीतासाठीचा मान तिला दिला. त्याच वर्षी तिचा द रिटर्न टू डार्कनेस हा संग्रह निघाला, आणि २०१४ साली द डीमन किंग. परंतु मान मिळणे वेगळे आणि महिन्याचा किराणा भरणे वेगळे.

येथे आपल्या प्रश्नाची गाठ येते. आपल्या देशात वाजवणाऱ्या-गाणाऱ्याचे पोट कशावर भरते? सिनेमावर, लग्नाच्या वरातीवर, जत्रा-उत्सवांवर, शिकवण्यांवर. आपल्या गावचा बँडवाला घ्या, भजनी मंडळातला पेटीवाला घ्या, गोंधळी घ्या. प्रत्येकाला समाजाने एक जागा नेमून दिली आहे. लग्न निघाले की बँडवाल्याची आठवण होणारच, आणि कुलाचार म्हटला की गोंधळ आला. हेवी मेटलला अशी जागा कोणी नेमून दिलेली नाही. ते वरातीत चालत नाही, सिनेमात क्वचित शिरते, गाणी बहुधा इंग्रजी, आणि ऐकणारे रसिक भक्कम असले तरी मूठभर व गावोगाव विखुरलेले. त्यात वाद्ये महाग, यंत्रे महाग, आणि मंडळीतल्या चार-पाच जणांचा प्रवास म्हणजे आणखी खर्च. म्हणजे ही झाली कोरडवाहू जमीन. कोरडवाहू जमिनीवर एकच पीक घेऊन बसणारा शेतकरी धाडसी म्हणावा लागेल, शहाणा नव्हे.

मखिजाने काय केले? त्याने ओळीओळींनी आंतरपिके घेतली. रेप्टिलियन डेथ म्हणून त्याने दुसरी मंडळी काढली. तिचा बाज मूळ मंडळीहून अधिक कर्कश आणि उघडा, आणि तेथे हा गृहस्थ गिटार खाली ठेवून ढोलांमागे बसला. वर्कशॉप नावाची तिसरी मंडळी थट्टामस्करीची. तिच्या २००९ सालच्या संग्रहाचे नाव खूनी मुर्गा, यावरूनच काय ते समजा! राक्षसांची गाणी गाणारा माणूस स्वतःच्याच संगीताची टर उडवू शकतो, हे मनाच्या निरोगीपणाचे लक्षण आहे. मग त्याने डीमनस्टीलर रेकॉर्ड्स ही तबकड्या काढणारी संस्था चालवली, आणि या प्रकारच्या इतर भारतीय मंडळ्यांचे संगीत लोकांपुढे आणले. आणि याखेरीज हेडबँगर्स किचन, म्हणजे मान झुलवणाऱ्यांचे स्वयंपाकघर! इंटरनेटवर चालणारा हा पाककृतींचा कार्यक्रम. आरंभी त्यात मेटलवाल्या पाहुण्यांशी गप्पा आणि भरपूर मांसाहारी पदार्थ असत. पुढे तो कीटो नावाच्या आहाराकडे वळला. त्या आहारात पिष्ट व साखर जवळजवळ बंद आणि स्निग्ध पदार्थ भरपूर. आपली ज्वारीची भाकरी त्यात बसत नाही, म्हणून आपणांस तो फारसा रुचणार नाही. पण देशोदेशींच्या प्रेक्षकांस तो रुचला. आज कित्येकजण त्याला स्वयंपाक करणारा म्हणूनच ओळखतात, आणि हा माणूस गातोही, हे ऐकून चकित होतात.

या साऱ्या गलबल्यात एक जोडकाम असे आहे की ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे. ते म्हणजे डीमनस्टीलर याच नावाने त्याने एकट्याने काढलेले संग्रह. पहिला २००८ सालचा, अँड केऑस विल रेन. मग आठ वर्षांनी, २०१६ साली, धिस बर्डन इज माइन. त्यानंतर २०१८ साली द लास्ट रेप्टिलियन वॉरियर आणि २०२३ साली द प्रॉपगॅंडा मशीन. मंडळीतल्या कामात चौघांचे मत घ्यावे लागते. याला संथ चाल आवडते, त्याला जलद. कोणाची नोकरी आडवी येते, कोणाचे लग्न. एकट्याच्या कामात मत एकाचेच. परंतु मग वाजवणारे कोठून आणावयाचे?

याचे उत्तर कौतुकाचे आहे. मुंबईत बसून त्याने ते जगभरातून आणले. २०१६ च्या संग्रहात ढोल वाजवले आहेत जॉर्ज कोलियास याने. हा ग्रीस देशातला, आणि अमेरिकेतल्या नाईल या नामांकित मंडळीचा ढोलवाला. २०२३ च्या संग्रहात तर निरनिराळ्या देशांतले एकाहून अधिक ढोलवाले आणि खर्जाची गिटार वाजवणारे आहेत. हे कसे साधते? आधी मूळ रचणारा आपल्या गिटारीचा कच्चा आराखडा ध्वनिमुद्रित करतो. त्याच्या जोडीला एक यंत्राचा ठोका असतो, घड्याळासारखा टक्-टक् चालणारा. हा आराखडा इंटरनेटवरून ढोलवाल्याकडे जातो. तो आपल्या घरी कानाला यंत्र लावून तोच ठोका ऐकत आपले ढोल वाजवतो आणि नुसते ढोलच मुद्रित करून परत पाठवतो. मग तसाच खर्ज येतो, मग गळा. शेवटी एक जाणकार बसून हे सारे धागे एकत्र विणतो. कोणता आवाज पुढे, कोणता मागे, ते ठरवतो. आपण ऐकतो तेव्हा वाटते, की सगळे एका खोलीत घाम गाळून वाजवत आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये समुद्र असतो, आणि त्यांना बांधून ठेवणारी वस्तू एकच, तो यंत्राचा ठोका. दिंडीत मागच्या टोकाच्या वारकऱ्याला पुढचा विणेकरी दिसत नाही, पण टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडते, तसेच हे.

आता कोणी म्हणेल, की अहो, एवढा उपद्व्याप करून ऐकणारे किती? थोडेच. मग मिळाले काय? एक तर, मंडळीत जे बसत नव्हते त्याला जागा मिळाली. डीमॉनिक रेझरेक्शनच्या गाण्यांत राक्षस आणि अवतार आहेत, ती एक कल्पसृष्टी आहे. द प्रॉपगॅंडा मशीन या एकट्याच्या संग्रहात मात्र विषय आहे खोट्या प्रचाराचा, माणसांना एकमेकांविरुद्ध उठवणाऱ्या यंत्रणेचा, म्हणजे आजच्या जगाचा. पुराणातला दैत्य आणि पेपरातला दैत्य हे एकाच गाण्यात कोंबले असते, तर दोन्ही बिघडले असते. शेतकरीसुद्धा कपाशी आणि तूर एकाच खड्ड्यात टोचत नाही. ओळ वेगळी ठेवतो.

आणि जो दुसरीकडे शिकतो तो घरी काही घेऊन येतो. मूळ गायक ढोलांमागे बसला, की त्याला कळते ढोलवाल्याच्या पायांना दम केव्हा लागतो. परदेशातल्या मातब्बर वादकाचा ढोल आपल्या रचनेवर चढला, की आपल्या रचनेतली कच्ची जागा आपोआप उघडी पडते. पन्नाशीला आलेल्या मास्तरांनीही अधूनमधून विद्यार्थी व्हावे, ते याचसाठी. तुरीच्या मुळावरच्या गाठी म्हणतात त्या याच. वर काही दिसत नाही, पण माती सुधारते.

हे सारे मुंबई-विलायतेचे कौतुक झाले, आपल्याकडे याचे काय, असे तुम्ही विचाराल. तर मग मेहकरला चला. मेहकरचे ना. घ. देशपांडे हे वकिली करीत आणि कविता लिहीत. त्यांची शीळ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली, तिची तबकडी निघाली, आणि मराठी भावगीताच्या पहाटेची ती एक खूण ठरली. मेहकरसारख्या गावातल्या वकिलाचे शब्द फोनोच्या कर्ण्यातून महाराष्ट्रभर घुमले. शीळ हाच त्यांचा संग्रह पुढे १९५४ साली निघाला, आणि १९८६ साली खूणगाठी या संग्रहास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. म्हणजे मधली पन्नासाहून अधिक वर्षे कविता तगून राहिली, आणि तीही कोर्टाच्या पायऱ्या चढत-उतरत. यात मूळ काम कोणते आणि जोडकाम कोणते, हे आज सांगता येईल काय? अशील म्हणेल वकिली, रसिक म्हणेल कविता. आणि ते गाणारे जी. एन. जोशी? तेही कायद्याचे पदवीधर. पुढे ते तबकड्या काढणाऱ्या एच.एम.व्ही. कंपनीतच नोकरीस लागले, आणि कितीतरी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका त्यांच्या देखरेखीखाली तयार झाल्या. स्वतः गाणाऱ्याने दुसऱ्याचे गाणे जपावयाचे, हे मखिजाच्या तबकड्यांच्या संस्थेत दिसते तेच. पिढी वेगळी, आवाज वेगळा, रीत जुनीच.

जोडकामाचे आणखी एक रूप आहे, ते पैशाचे नाही आणि हौसेचेही नाही. ज्याच्यापासून आपण आरंभ केला, त्या टोनी आयोमीचेच उदाहरण घ्या. १९८८ च्या डिसेंबरात आर्मेनिया देशात मोठा भूकंप झाला. आपल्याकडे १९९३ साली किल्लारीला झाला, त्याची आठवण ज्यांना असेल त्यांना त्या दुःखाची कल्पना येईल. भूकंपात घरे पडतात तशा शाळाही पडतात. घरांची आठवण सर्वांना राहते, गाण्याच्या शाळेची कोण ठेवणार? आर्मेनियातल्या ग्युमरी या गावच्या संगीतशाळेसाठी, भूकंपाला वीस वर्षे उलटून गेल्यावर, २०११ साली आयोमी आणि डीप पर्पल या मंडळीचा गायक इयन गिलन यांनी हूकेअर्स नावाची तात्पुरती मंडळी जमवून गाणी काढली व त्यांचे उत्पन्न त्या शाळेच्या इमारतीसाठी दिले. नावाचा अर्थ "कोणाला पर्वा?" असा. प्रश्न विचारला आणि कृतीने उत्तर दिले. ब्लॅक सबाथचे नाव घेणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी फार थोड्यांना हे काम ठाऊक आहे. बोटे तुटलेल्या पोराने म्हातारपणी पडलेली शाळा उभी करावयास हात द्यावा, यात मला तरी एक संगती दिसते.

सर्व गोड गोड सांगून थांबणे मात्र बरे नव्हे. आंतरपिकाचाही एक धोका आहे, तो शेतकऱ्यास पुरता ठाऊक असतो. तुरीच्या ओळी फार दाट झाल्या, तर कपाशीला ऊन मिळत नाही. जोडकाम वाढता वाढता मूळ कामावर सावली धरू लागते. मखिजाचे स्वयंपाकघर त्याच्या गाण्याहून अधिक लोकांपर्यंत पोचले, हे आपण पाहिले. एखादा असता तर त्याने कढई धरून गिटार विकली असती, आणि व्यवहाराने पाहिले तर त्याला कोणी नावेही ठेवली नसती. त्याने तसे केले नाही. स्वयंपाकघर जोरात चालू झाल्यानंतरच्या वर्षांतच दशावतार निघाला, आणि एकट्याचे दोन संग्रहही निघाले. तुरीचे पैसे कपाशीच्या खताला घालावे, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. ओळी किती आणि अंतर किती, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. पण ठरवावे लागतेच, ते आपोआप होत नाही.

आता तुमच्या-आमच्या घराकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातही हल्ली एखाद्या घरात मुलाच्या हातात गिटार दिसते, मुलगी यंत्रावर सूर जुळवत बसते. आपण बाहेरून ओरडतो, "पुरे झाली ती टणटण, याने पोट भरते का?" या प्रश्नाचे खरे उत्तर, बहुतेकांच्या बाबतीत, "नाही" असेच आहे, ते मुलांपासून लपवून ठेवू नये. परंतु पोट भरत नाही म्हणून ती ओळ उपटून टाकावी, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कपाशीने पोट भरो की तुरीने, शेत एकच असते. मुलगा कॉलेजात शिको, दुकानात बसो, नोकरी करो, शेती पाहो. एक ओळ त्याच्या सुराची राहू द्या. तिला थोडे अंतर द्या, थोडे पाणी द्या. आणि मुलांनीही एक ध्यानात धरावे. जोडकाम म्हणजे अर्धवट काम नव्हे. वकिली सांभाळून लिहिलेली कविता पन्नास वर्षे जिवंत राहते, ती लिहिणाऱ्याने तिच्यात कसर केली नाही म्हणून. समुद्रापलीकडचा ढोलवाला न पाहिलेल्या माणसाच्या गाण्यावर वाजवतो, तेव्हाही ठोका चुकवीत नाही.

सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरी येते, बाजारात जाते आणि तिचे पैसेही संपून जातात. तूर मात्र थंडीत, शेंगांनी भरून, शेतात उभीच असते. तिची घाई करून चालत नाही. घरातल्या एखाद्याच्या सुराच्या ओळीलाही तेवढा वेळ आपणांस देता आला, तर पुष्कळ झाले.